अर्ध्या गोळ्यांची तालीम

नोसरत वस्तादांच्या तालमीत एकट्याने खाणं हा हरण्यापेक्षा मोठा गुन्हा होता. हरलेल्याला वस्ताद चार शिव्या घालून पुन्हा गादीवर उभा करत. पण कोणी पिशवीत हात घालून गुपचूप संत्रं सोलताना सापडला, तर दिवसभर त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. इराणमधल्या जूयबारच्या त्या तालमीत दाराशी तांब्याचं एक घमेलं असे. अक्रोड आणा, खजूर आणा, आईने बांधून दिलेली भाकरी आणा, आधी घमेल्यात टाकायचं आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं. वस्ताद म्हणत, "जोर काय, बैलाच्या अंगातही असतो. पैलवान तो, ज्याचा हात आधी दुसऱ्याच्या ताटाकडे जातो."

दोन वर्षांपूर्वी तालमीत नायटे आले, तेव्हा गोळ्याही त्याच घमेल्यात पडायला लागल्या.

पैलवानाला नायट्याचं काय एवढं! एकाच गादीवर अंगाला अंग घासायचं, एकाचा घाम दुसऱ्याच्या मानेवर. लाल कडं उठतं, खाज सुटते, रात्रभर नखं चालतात. मग कुणीतरी दवाखान्यातून गोळ्या आणायचा. डॉक्टर लिहून देणार एकाला आणि खाजवणारे पाचसहा. वस्ताद गोळ्या मोडत आणि ज्याच्या त्याच्या तळहातावर अर्धी अर्धी ठेवत. खाज थांबली की उरलेल्या गोळ्या पुढच्याला. ह्याचा त्यांना भारी अभिमान. "बाकीच्या तालमींत पोरं औषध लपवून खातात," ते बाजारात छाती काढून सांगत, "आमच्याकडे औषधाचीसुद्धा पंगत बसते!"

नायटे जायचे आणि परत यायचे. दर खेपेला जरा जास्त चिवट होऊन यायचे. वस्ताद म्हणायचे, हवा दमट आहे.

त्या हिवाळ्यात मात्र कडं शहरूजच्या मानेवर उठलं आणि वस्तादांची झोप उडाली.

शहरूज म्हणजे वस्तादांनी आयुष्यभर वाट पाहिलेला पोरगा. पट काढायला वाकला की समोरच्याला आपण जमिनीवर कधी आलो ते कळायचं नाही. नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, आधी तेहरानला राष्ट्रीय संघाची निवड होती. तरुणांच्या गटातलं त्याचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तो मोठ्यांत जाणार, आणि तिथे जगज्जेते वाट अडवून बसलेले. वस्ताद स्वतः ऐन उमेदीत निवडीच्या शेवटच्या कुस्तीत गुडघा मोडून परत आले होते. त्यानंतर त्यांच्या तालमीतला एकही जण तिथवर पोचला नव्हता. आता हा पोचणार होता, आणि मानेवर हे लाल कडं! वजनाच्या काट्यापाशी डॉक्टर उभा असतो. मान, पाठ, जांघ, सगळं बघतो. चट्टा दिसला की काट्यावरूनच घरी.

ह्या वेळी वस्तादांनी शहरूजला अख्ख्या गोळ्या दिल्या. कड्याने ढिम्म दाद दिली नाही.

तेव्हा कुठे त्यांना आठवलं की आपली स्वतःची पोरगी कातडीची डॉक्टर आहे. माहरुखचा दवाखाना तालमीपासून हाकेच्या अंतरावर होता, पण वस्तादांच्या मते तिथे फक्त नवऱ्या मुली चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या दाखवायला जात. ते शहरूजला घेऊन गेले. माहरुखने भिंगातून बघितलं, कड्याच्या काठावरचा कोंडा खरवडून घेतला आणि प्रयोगशाळेत पाठवून दिला.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. ते आलं तेव्हा तिने वडलांना एकट्यालाच बोलावलं.

"बाबा, ती गोळी ह्या बुरशीला लागूच पडत नाही. जास्तीत जास्त औषध घालून बघितलं त्यांनी. ही मजेत वाढत होती."

"म्हणजे गोळ्या बनावट निघाल्या. तरी मी म्हणत होतो, तो औषधवाला..."

"गोळ्या उत्तम आहेत. बुरशी बदलली आहे." तिने चहाचा पेला बाजूला सारला. "नीट ऐका. बुरशीच्या अंगाभोवती एक पडदा असतो. तो धड राहायला तिला एक चरबी लागते, तिची स्वतःची. आपल्या अंगात ती नसते, म्हणून तर आपल्याला धक्का न लावता तिला मारता येतं. ही चरबी ती टप्प्याटप्प्याने बनवते. प्रत्येक टप्प्यावर एक कारागीर बसलाय म्हणा. तुमची गोळी सुरुवातीच्या एका कारागिराचं मनगट धरून ठेवते. चरबी बनत नाही, पडदा फाटतो आणि बुरशी मरते."

"मग धरू दे की मनगट."

"ह्या बुरशीत त्या मनगटाचा आकारच बदललाय. गोळी धरायला जाते आणि पकड सुटते."

हे वस्तादांना लगेच कळलं. तेल चोळून आलेलं मनगट हातातून कसं निसटतं, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. "पण हे ती शिकली कुठे?" त्यांनी विचारलं.

माहरुखने प्रयोगशाळेचा कागद मिटून ठेवला. मग तिने विचारलं, "तालमीत गोळ्या कशा घ्यायचे सगळे?"

वस्तादांनी सांगितलं. अगदी अभिमानाने सांगितलं, घमेल्यासकट. सांगता सांगता पोरीचा चेहरा उतरत गेला, तसा त्यांचा आवाजही उतरत गेला.

"अर्धी गोळी," ती म्हणाली. "अर्ध्या गोळीने लेचीपेची मेली, दांडगी राहिली. त्या दांडग्यांना पुन्हा अर्धी. त्यातून जी उरली ती आणखी दांडगी. एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर, रोज सराव! बाबा, दोन वर्षं तुम्ही पोरांची नाही, बुरशीची तालीम घेतलीत."

वस्ताद ताडकन उठले. "घमेल्याला नावं ठेवू नकोस हं माहरुख! सांगून ठेवतो!"

"मीही त्याच घमेल्यातलं खाऊन मोठी झाले," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "अक्रोड वाटा, भात वाटा, घर वाटा. औषध वाटायचं नसतं. बसा खाली."

नोसरत वस्ताद बसले. एवढं त्यांना गुडघा मोडला तेव्हाही लागलं नव्हतं.

मग तिने पुढचं सांगितलं. दुसरं एक औषध होतं. ते चरबीच्या त्याच कामात पुढच्या टप्प्यावरच्या कारागिराला धरतं, आणि तिथे ह्या बुरशीला अजून निसटता येत नव्हतं. पण ते औषध देशात मिळेनासं झालं होतं, नवा साठा नवरोजनंतर. सगळ्या ओळखीपाळखी वापरून तिने फक्त एका माणसापुरतं जमवलं होतं. "शहरूजला द्या. रोज, पोटभर जेवणासोबत, एकही खाडा नाही. आणि बाबा, एकाला पूर्ण नाहीतर कोणालाच नाही. ही कॅप्सूलही वाटलीत आणि बुरशी हाही डाव शिकली, तर माझ्या कपाटात तिसरं काही नाही."

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी तालमीला कुलूप लावलं. इराकशी झालेल्या युद्धाच्या वर्षांतही ती बंद झाली नव्हती. गाद्या जंतुनाशकाने धुतल्या, पोरांना घरी पाठवलं आणि खोका शहरूजच्या हातात दिला. "एकट्याने खायचं," ते म्हणाले. हे शब्द तोंडातून काढताना त्यांनाच कसंतरी झालं. शहरूज खाली मान घालून उभा होता. त्याच्या शेजारी यदुल्ला होता, त्याचा सरावाचा जोडीदार. अंगाने रेड्यासारखा आणि स्वभावाने गाय. शहरूजने शिकलेला प्रत्येक डाव आधी ह्याच्या पाठीवर आपटून शिकलेला. यदुल्लाची अख्खी पाठ चट्ट्यांनी भरली होती. तो म्हणाला, "बरोबर आहे वस्ताद. तेहरानला तो जाणार आहे, मी थोडाच जाणार आहे?"

शहरूज मग एकटाच समुद्राकाठी वाळूत पळायचा आणि भाताच्या गोणी खांद्यावर घेऊन बैठका मारायचा. वस्ताद लांबून बघत आणि ओरडत. मानेवरचं कडं फिकं पडलं. वस्तादांना हायसं वाटलं. पण ते नुसतं फिकंच राहिलं, जाईना.

एका सकाळी मासळीबाजारात त्यांना यदुल्ला पाठमोरा दिसला. मासे निवडायला वाकला होता, सदरा वर सरकला होता. कमरेवरचे चट्टे फिके पडले होते. शहरूजच्या मानेसारखेच फिके.

वस्तादांनी त्याचा कान धरला. भर बाजारात, पोटच्या पोराचा धरावा तसा. "काय खातोयस?"

यदुल्लाला खोटं बोलता येत नसे. "शहरूज देतो, वस्ताद. एक दिवस तो, एक दिवस मी."

वस्तादांनी त्याला तसाच शहरूजच्या दारात नेला. शहरूज बाहेर आला, दोघांना बघितलं आणि सगळं समजला.

"अरे गाढवा! दगड आहेस का तू? काय सांगितलं होतं तुला?"

"सांगितलं होतंत एकट्याने खा." शहरूजने यदुल्लाकडे बोट केलं. "लहानपणापासून मात्र उलटं शिकवलंत ना! ह्याची पाठ बघितलीत तुम्ही? उताणं झोपता येत नाही ह्याला. माझ्याचमुळे झालंय ते, मीच घासलोय ह्याच्यावर. जेवायला बसलो की घास घशाखाली उतरायचा नाही वस्ताद. काय करू?"

वस्तादांनी उरलेला खोका काखोटीला मारला आणि ते पोरीकडे गेले.

माहरुखने डोकं धरलं. मग दोघांना बोलावून पुन्हा कोंडा खरवडला, तपासून घेतला. नशीब एवढंच की बुरशी अजून नव्या औषधाला मरत होती. "आजपासून रोज, न चुकता, एकालाच," ती वडलांना म्हणाली. "उरलंय ते जेमतेम एकालाच पुरेल."

"शहरूज," वस्ताद म्हणाले. विचार करायची गरजच नव्हती.

"आज सकाळी यदुल्लाची बायको आली होती," माहरुख म्हणाली. "पोरीला घेऊन. पाळण्यातली पोर आहे, तिच्या गालावर कडं उठलंय. मी लावायला मलम दिलंय. पण बाप तिला उरापाशी घेऊन झोपवतो. बाप बरा होईपर्यंत पोर बरी होणार नाही. तुम्ही मला विचारलंत, तर औषधाची गरज यदुल्लाला जास्त आहे."

"आधी तूच शहरूजला दिलंस ना?"

"शहरूज माझा पेशंट होता म्हणून दिलं. यदुल्लाला तुम्ही तेव्हा माझ्याकडे आणलंच नव्हतंत, बाबा."

तोंडात मारल्यासारखे वस्ताद तिथून निघाले. वाटेत औषधाच्या दुकानात थांबले. दुकानदाराने मागेच एक पांढरी ट्यूब दाखवली होती. चार दिवस चोळली की लाली जाते, डॉक्टरच्या बापाला दिसत नाही. बुरशी आत असते तशीच असते, उलट फोफावते, पण वरून कातडी लोण्यासारखी. तेव्हा वस्ताद त्याच्या अंगावर धावून गेले होते. आता त्यांनी ती खिशात टाकली.

दुपारी त्यांनी दोघांना घरी जेवायला बोलावलं. जमिनीवर सुफरा, जेवणाची चादर, अंथरला होता. वाफाळता भात, तळलेला मासा, लसणाचं लोणचं, ताक. कोणी घासाला हात लावला नाही. वस्तादांनी खोका मधोमध ठेवला.

"हे शहरूजचं," ते म्हणाले. "निवड तोंडावर आली आहे. माझं ठरलंय."

यदुल्ला लगेच उठला. "ठीक आहे वस्ताद. साठा येईपर्यंत मी शेतावरच्या खोपटात झोपेन. पोरीला हात लावणार नाही."

"बस खाली," शहरूज म्हणाला. त्याने खोका उचलला आणि यदुल्लाच्या ताटाशेजारी ठेवला. "हे घे. सगळं. ह्यातली एक जरी परत मला देऊ केलीस तर हात मोडीन."

"शहरूज!" वस्तादांनी जमिनीवर मूठ आपटली. "अक्कल गहाण ठेवलीस का? तुझं शेवटचं वर्ष आहे! पुन्हा वाटावाटी?"

"वाटत कुठे आहे? अर्धं दिलं तेव्हा शिव्या दिल्यात. आता पूर्ण देतोय तरी शिव्याच?"

वस्तादांचा हात खिशात गेला. ती ट्यूब त्यांनी सुफऱ्यावर ठेवली. तिच्याकडे बघणं त्यांना जमेना, म्हणून ताकाच्या भांड्याकडे बघत ते म्हणाले, "मग हे आहे. काट्यापुरतं चालून जाईल. औषध यदुल्ला घेईल, तू तेहरानला जाशील. दोघांचंही काम होईल."

शहरूजने ट्यूब हातात घेतली, उलटसुलट केली. पोरगा वीस वर्षांचा होता. मोह त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होता, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नव्हतं.

बोलला तो यदुल्ला. त्याला टोमणा मारता येत नसे, त्याने अगदी साधेपणाने विचारलं. "पण वस्ताद, तिथे गादीवर तबरीझची पोरं येणार, केरमानशाहची येणार. ह्याच्या मानेला त्यांची मान घासणार. त्यांनाही मग गोळी लागू पडायची नाही ना? म्हणजे आपली बुरशी साऱ्या इराणला वाटायची?"

वस्तादांना तबरीझची ती न पाहिलेली पोरं दिसली. घराघरांतून येणारी, आयांनी भाकऱ्या बांधून दिलेली. त्यांचे वस्ताद दिसले, गोळ्या मोडून वाटणारे, अगदी आपल्यासारखे. त्यांनी शहरूजच्या हातातून ट्यूब काढून घेतली, खिडकीतून बाहेर उकिरड्यावर भिरकावली आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. रडले, हो, रडले. लपवायचं काय त्यात? आयुष्यभराचं स्वप्न त्यांनी आपल्या हाताने फेकलं होतं.

"गेलं तेहरान," ते म्हणाले. मग नाक शिंकरलं आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "पुढच्या वर्षी मोठ्यांत खेळायचं आहे तुला. जगज्जेत्यांशी! तेव्हा रडतखडत बसायला वेळ नाही. उद्या पहाटेपासून वाळूत पळणं दुप्पट. अंगाला अंग लागणार नाही असा सराव मी शोधून काढतो. नवरोजनंतर औषध आलं की तुझी पाळी, पूर्ण. आणि तालमीतल्या प्रत्येकाला, ज्याचं त्याला पूर्ण. घमेल्यात ह्यापुढे गोळी दिसली तर ती टाकणाऱ्यालाच घमेल्यात बसवीन. आणि तू रे रेड्या, जेव!"

पण यदुल्लाचा घास उतरेना. ज्याच्यासाठी तो पाच वर्षं आपटून घेत आला, त्याचंच औषध त्याने गिळायचं! पहिल्याच दिवशी त्याने कॅप्सूल गालात लपवली आणि बाहेर जाऊन शहरूजसाठी रुमालात बांधून ठेवली. शहरूजला तो रुमाल सापडला. त्याने काय केलं असेल ते ज्याने दोघांना गादीवर बघितलं आहे त्यालाच ठाऊक. त्या दिवसापासून मात्र शहरूजने राखणच मांडली. रोज दुपारी तो वस्तादांच्या घरी येई, हात धुऊन, यदुल्लापासून लांब सतरंजीवर बसे, आणि त्याचं पोटभर जेवण होऊन कॅप्सूल गिळेपर्यंत हलत नसे. माहरुखने यदुल्लाच्या पोरीचा गाल तपासला, कडं आकसत होतं. यदुल्लाची पाठ काळवंडून सपाट होत चालली होती. शहरूजच्या मानेवर मात्र कडं पुन्हा लालबुंद झालं, आणि तो सदऱ्याची कॉलर वर करून वाळूत पळत राहिला.

निवडीच्या दिवशी वस्तादांनी घरातला टीव्ही लावला नाही. सुफरा रोजच्यासारखा अंथरला. यदुल्ला जेवत होता, घाम पुसत, एकेक घास मोजल्यासारखा. शहरूज सतरंजीवरून त्याच्यावर ओरडत होता. "भात संपव! मासाही संपव! काय नवरी मुलगी आहेस का लाजायला?"

वस्तादांचा फोन वाजला. तेहरानहून होता. मागे काट्याचा गोंगाट ऐकू येत होता, कर्ण्यावरून नावं पुकारली जात होती. त्यांचा एक जुना दोस्त संघाच्या पंचांमध्ये होता, तोच ओरडत होता, "नोसरत! अरे कुठे आहात तुम्ही? दोनदा नाव पुकारलं! तिसऱ्यांदा पुकारून काटा बंद करतील. तुझा पोरगा आहे कुठे?"

वस्तादांनी वळून बघितलं. यदुल्लाने ताकाचा घोट घेतला होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शहरूज उठून उभा राहिला होता, हात मागे बांधून, कुठेही स्पर्श होणार नाही इतक्या अंतरावरून वाकून त्याच्या तोंडात बघत होता.

"आ कर," शहरूज म्हणाला. "अजून मोठा. जीभ उचल. गेली का खाली? खरंच गेली?"

"नोसरत! ऐकू येतंय का? पोरगा कुठे आहे?"

"इथेच आहे," वस्ताद म्हणाले. "कामात आहे."